हूरुम म्हणजे काय?

“हूरुम... हूरुम!” म्हाताऱ्या आजीबाई डॉक्टरांचा हात काही सोडेनात.

त्या हूरुमचा अर्थ कुणालाच कळत नव्हता.

सायबेरियात ओब नदीच्या एका उपनदीला पूर आला होता. तिथल्या उडत्या रुग्णवाहिकेवर वल्लरीची आई डॉक्टर होती. सुट्टीत नाशिकहून आईकडे आलेली वल्लरी तिच्यासोबत दवाखान्यांच्या फेरीवर असतानाच मदतीची हाक आली. लाकडी घराच्या छपरावरून त्यांनी या अनिस्या आजींना आणि त्यांच्या लहानग्या नातवाला, मित्याला, वर घेतलं. मित्या बेशुद्ध होता.

“बोलक्या, काय म्हणतायत त्या?” आईने दुभाषी यंत्रमानवाला विचारलं.

“भाषा मान्सी आहे. ती फार थोडी माणसं बोलतात, मला ती शिकवलेली नाही. मी रशियनमध्ये विचारलं, पण त्या उत्तर देत नाहीत.”

“खूप घाबरलं की माणूस आपल्या आईच्या भाषेतच बोलतं,” आई म्हणाली.

“धुकं उतरतंय!” पुढून वैमानिक इल्दिको ओरडली. ती हंगेरीची. “आत्ता निघालो नाही तर मित्या वेळेत पोचणार नाही!”

वल्लरी मात्र थबकली होती. हूरुम... असं काहीतरी तिने ऐकलं होतं. इल्दिकोने तिला हंगेरियन आकडे शिकवले होते. हारोम! म्हणजे तीन.

“आई, थांब! आजी ‘तीन’ म्हणतायत!”

“नुसत्या सारखेपणावर जाऊ नकोस,” बोलक्या म्हणाला. “तो योगायोगही असेल.”

“मग तपासून बघू. इल्दिकोमावशी, दोनला काय म्हणता?”

“केत्तो!”

वल्लरीने दोन बोटं आजींपुढे धरली. “केत्तो?”

आजींचे डोळे चमकले. “कितिग!” त्यांनी स्वतःकडे आणि मित्याकडे बोट दाखवलं. मग वल्लरीचं तिसरं बोट स्वतःच उघडलं, “हूरुम!” आणि पाण्यात उभ्या झाडीकडे हात केला.

आईने इल्दिकोकडे पाहिलं. इल्दिकोने यान वळवलं.

झाडीमागे खांबांवर उभारलेलं एक कोठार होतं. पाणी त्याच्या दाराशी टेकलं होतं आणि दारात एक म्हातारे आजोबा बसले होते. त्यांना आत ओढून घेतलं तेव्हा आजी त्यांच्यावर आधी रागावल्या आणि मग रडल्या.

परतताना मित्याने डोळे उघडले. तेव्हा कुठे वल्लरीला प्रश्न सुचला. “हंगेरी इतकी दूर, मग आकडे सारखे कसे?”

“कारण या भाषा एका भाषाकुलातल्या (एकाच मूळ भाषेतून निघालेल्या भाषांच्या कुटुंबातल्या) आहेत,” बोलक्या म्हणाला. “त्याला फिनो-उग्रिक म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी ती मूळ भाषा बोलणारी माणसं पांगली. कुणी फिनलंड-एस्टोनियाकडे गेले, कुणी व्होल्गाकाठी राहिले, कुणी इथे आले. हंगेरियन लोकांचे पूर्वज सगळ्यांत लांब, युरोपच्या मध्यावर जाऊन पोचले. फिनिशमध्ये तीनला ‘कोल्मे’ म्हणतात.”

“त्यात तर ‘ह’ नाहीच!”

“माशाला बघ. फिनिश ‘काला’, हंगेरियन ‘हॉल’, मान्सी ‘हूल’.”

वल्लरीने तिन्ही शब्द पुटपुटून पाहिले. “म्हणजे फिनिशमध्ये ‘क’ असेल तिथे या दोन भाषांत ‘ह’! आपल्या वीस, वाघ, विजेचं हिंदीत बीस, बाघ, बिजली होतं, तसं?”

“अगदी तसंच. याला ध्वनिनियम (आवाज ठरावीक रीतीने बदलण्याचा नियम) म्हणतात. पण हंगेरियन ‘केझ’ (म्हणजे हात) यासारखे काही शब्द ‘क’च ठेवतात, कारण पुढचा स्वर वेगळा असतो. फिनिशमध्येही हाताला ‘कॅसी’ म्हणतात. एकच जोडी फसवू शकते, पण अशा पुष्कळ जोड्या एकाच रीतीने बदलल्या तर नातं पक्कं. मी हुबेहूब शब्द शोधत बसलो. तू नातं शोधलंस.”

आठवड्याने वल्लरी रुग्णालयात गेली. अनिस्या आजी बोलक्याला मान्सी शिकवत होत्या.

“हुल्ल,” बोलक्या म्हणाला.

पलंगावर मित्या खदखदून हसला. आजी काही विचारत, तेव्हा तो आजवर रशियनमध्येच उत्तर द्यायचा.

“हूल!” त्याने यंत्राला दुरुस्त केलं, आणि आजीकडे वळून विचारलं, “आणि नदीला काय म्हणायचं?”