समासातलं बारावं नाव

ही घटना घडलेली आहे. पुंडलिकनगरातले ते घर आजही उभे आहे आणि ती चार पुस्तकेही त्याच कपाटात आहेत.

दोन हजार चार सालचा मे. दहा तारीख, सोमवार. रात्र मुळीच नव्हती...

टळटळीत दुपार होती.

तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक तात्यासाहेब टॅरोच्या पत्त्यांविरुद्ध ग्रंथ लिहीत होते. भविष्य सांगणाऱ्यांविषयी त्यांना संताप होता. थंड, टाचणे काढून जपलेला संताप. त्या दुपारी ताहेरा आली. तिची आई जोहराबाई त्यांच्याच कॉलेजात उर्दू शिकवायच्या आणि घरी पत्ते वाचायच्या. मार्चमध्ये त्या वारल्या होत्या.

"अम्मी बोले थे, किताबां सरकोच देना," पिशवी ठेवत ताहेरा म्हणाली.

"शत्रूला दारूगोळा देऊन गेल्या म्हणायच्या!"

ताहेरा हसली नाही. पाणीही न घेता गेली.

चारही पुस्तके पत्त्यांचे अर्थ देणारी. मृत्यूच्या पत्त्यावर चारही ग्रंथकारांचे एकमत होते: याचा अर्थ मृत्यू नव्हे, केवळ परिवर्तन. गिऱ्हाईक घाबरून पळू नये, एवढीच या शास्त्राची तळमळ.

पण सर्वांत जाड पुस्तकात, त्या पानाच्या समासात, हिरव्या शाईने, जोहराबाईंच्या अक्षरात नावे लिहिली होती. प्रत्येक नावापुढे तारीख.

जोहराबाईंचा नियम तात्यासाहेबांना ठाऊक होता. पत्ता निघाला म्हणून त्या काही लिहीत नसत. घडून गेल्यावरच लिहीत.

कॉलेजचा शिपाई फकिरा... तो गेला तीच तारीख.

अशी अकरा नावे.

आणि बारावे... द्वारकाबाई. तेरा मे.

तात्यासाहेबांची पत्नी आत भाकरी थापत होती. तेरा मे उजाडायला तीन दिवस होते. आणि लिहिणारी दोन महिन्यांपूर्वीच दफन झाली होती.

"आवं, गुरुवारी बिडकीनला जाते बहिणीकडं," आतून आवाज आला. "दोन दिस हातानं चहा करून प्या."

गुरुवारी तेराच तारीख होती.

"गुरुवारी नको."

"का? पंचांग बघाया लागलात व्हय?"

तात्यासाहेबांनी लाल पेन उचलले, बायकोचे नाव खोडले आणि पुस्तक मिटले.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. शेजारचा कूलर थांबला. आतली भाकरीची थापही थांबली...

मग आवाज आला.

कागदावर निब घासल्याचा.

मिटलेल्या पुस्तकातून...

त्यांनी पान उघडले. नवी ओळ होती, हिरवी शाई अजून ओली.

"खोडलंत. नुसतं खोडू नका. बरोबर काय ते लिहा, सर."

हे त्यांचेच वाक्य. तीस वर्षे त्यांनी इतरांच्या लेखनावर लाल शाईत लिहिलेले. जोहराबाईंच्याही.

बरोबर नाव? ते आठवावे लागले नाही. कारस्थान करून त्यांचे विभागप्रमुखपद बळकावणारा काकासाहेब. 'का' हे अक्षर कागदावर उमटलेसुद्धा.

हात तिथेच थांबला.

जे मानत नाही, त्याला हे अक्षर लिहिण्याची एवढी घाई का व्हावी? आणि लिहिल्यावर घाम का फुटावा?

त्यांनी 'का' खोडला. तर्काला धरून एकच नाव उरत होते. मनातली भीती जर खोटी असेल, तर ते लिहिण्यात काही धोका नव्हता.

त्यांनी स्वतःचे नाव लिहिले.

गुरुवारी द्वारकाबाई सकाळच्या गाडीने गेल्या. तात्यासाहेब दिवसभर खुर्चीत बसून राहिले. जेवले नाहीत. दाराची कडी लावली नाही. उद्या कुणाला तोडावी लागू नये म्हणून.

काही घडले नाही.

शनिवारी द्वारकाबाई कैऱ्यांची पिशवी घेऊन सुखरूप परतल्या. "लई वाळलात दोन दिसांत!" त्या हसल्या.

मग तात्यासाहेबांनी पुस्तक उघडण्याचे धैर्य केले. तेरा मे ही तारीख खोडलेली होती. त्यांच्या नावाखाली हिरव्या शाईत...

"नाव बरोबर आहे. तारीख चुकली होती. घडल्यावर लिहीन, सर."

ग्रंथ त्यापुढे सरकला नाही. पुस्तक पुन्हा उघडले गेले नाही. पण आजही वीज गेली की तात्यासाहेब धडपडत उठतात आणि सेलवरचा रेडिओ मोठ्याने लावतात.

"कान गेले का तुमचे?" द्वारकाबाई ओरडतात.

कान शाबूत आहेत.

म्हणूनच रेडिओ लागतो...