श्वासांसकट

जिन्यात पाणी साचलं होतं. बाहेर पाऊस, छताला गळती आणि लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. ती छत्री मिटून वर चढत होती, तेवढ्यात वरून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन खाली येताना दिसली. स्ट्रेचरवर चादरीखाली वरच्या मजल्यावरच्या आजी होत्या. एकट्याच राहायच्या. त्या गेल्याचं शेजाऱ्यांना वासावरून कळलं होतं.

"ताई, जरा भिंतीला चिकटून उभ्या राहा," पुढचा माणूस म्हणाला.

ती चिकटून उभी राहिली. तो उलट्या पावलांनी उतरत होता आणि उतरता उतरता जोडीदाराला ऐकू जाईल इतक्याच आवाजात काहीतरी पुटपुटत होता. आधी तिला वाटलं, प्रार्थना असेल. मग शब्द कानावर आले —

"पायरी ओली, पाय जपून... वळण आलंय, घे तू झुकून... धक्का नको रे, झोपल्यात आजी... चूक तुझी, अन् मान जाईल माझी..."

प्रत्येक पाऊल बरोबर ठेक्यावर पडत होतं. तिच्या तोंडून नकळत निघून गेलं, "तुमचा ताल चुकत नाही."

"चुकला तर आजी पडतील," तो न थांबता म्हणाला. पण वळणावर त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं... आणि नेमकं तेव्हाच त्याचं पाऊल किंचित चुकलं. जोडीदार खेकसला.

वर चढायचं सोडून ती त्यांच्यामागोमाग खाली गेली. तो शववाहिनीचं दार लावत होता.

"हे तुम्ही रचलंत?"

"दुसरं कोण रचणार? मागे झोपणारे तर काही बोलत नाहीत."

"मग ऐकवता कोणाला?"

"त्यांनाच. अजून एकानेही तक्रार केलेली नाही."

अशा जागी हसू नये, हे तिला कळत होतं. तरी ती हसली.

ती एका स्टुडिओत ध्वनी संकलक होती. सगळे तिला 'कात्री' म्हणत. रॅप म्हणणारा माणूस भराभर शब्द फेकतो आणि मध्ये मध्ये हवा ओढतो. ऐकणाऱ्याला ती धाप नकोशी वाटते. मग संकलक बारीक बारीक जागा शोधून तो श्वास कापून टाकतो. गाणं घोटीव होतं, म्हणणारा दमदार वाटतो. या कामात कात्रीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

स्टुडिओचे मालक दरवर्षी नव्या हिप-हॉप कलाकारांचा अल्बम काढत. जाहिरातीत ठळक अक्षरं असत — 'निकष एकच : दर्जा'. प्रत्यक्षात गाणं वाजायच्या आधी मालक दोन प्रश्न विचारत. पोराचं वय काय? आणि मागे लोक किती आहेत? कात्रीला याचा संताप यायचा. "कानाने ऐका ना! डोळ्यांनी काय ऐकता?" असं ती चहाच्या वेळी कितीदा तरी म्हणाली होती. मालक हसून सोडून देत. या वर्षी एकच जागा उरली होती.

तिने शववाहिनीवाल्याला बोलावलं. तो दुपारच्या सुट्टीत आला, ओले बूट दाराबाहेर काढून, अवघडून. बाकावर बसलेली पोरं खुसखुसली. "काय मामा, मुलाला सोडायला आलात का?"

"नाही रे," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला न्यायला आलोय. पण घाई नाही... सावकाश या."

त्याची गाडी खाली उभी होती. पोरं गप्प झाली.

आत माईकसमोर उभा राहिल्यावर मात्र त्याचं काही जमेना. शब्द होते, ताल होता, पण सगळं कोरडं. "ताई, हातात काहीतरी वजन द्या," तो म्हणाला. "रिकाम्या हातांनी खोटं वाटतंय."

"आधी ते ताई बंद करा."

"मग काय म्हणू?"

"...सगळे कात्री म्हणतात."

"कात्री? मग तुमच्यापासून जपूनच राहायला हवं."

तिने कोपऱ्यातला जुना, जड स्पीकर त्याच्या हातांत दिला. देताना बोटांना बोटं लागली. दोघांनीही पटकन स्पीकरकडे पाहिलं, जणू चूक त्याचीच होती. मग तो उचलून धरून, घामाघूम होत, त्याने म्हटलं —

"चौथा मजला, दार उघडं, दाराशी एक चपलांचा जोड...
चढताना गुडघे रडले तिचे, उतरताना कुणाची ओढ?
हळू रे दोस्ता, कोपरा आला, डोकं तिचं वर धर...
जन्मभर वाकत आलीस आजी, आज तरी तू सरळ उतर..."

प्रत्येक ओळीनंतर तो श्वास घ्यायचा. जड, घरघरता, ओझं वाहणाऱ्याचा श्वास. हेडफोनमध्ये तो थेट तिच्या कानाशी येत होता. आजी जिवंत असताना आपण एकदाही त्यांचं दार वाजवलं नाही, हे तिला आठवलं आणि तिने चेहरा दुसरीकडे फिरवला.

पुढचे काही दिवस तो कामांच्या मधल्या वेळात येत राहिला. कधी टपरीवर चहा, कधी नुसतं गाडीला टेकून बोलणं. एकदा तिने त्याला बाकीच्यांची गाणी ऐकवली. एका पोरीची ओळ त्याने पुन्हा लावायला सांगितली. अठरा-एकोणीसची, चणीने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिच्या मागे ना लोक होते, ना गाजावाजा.

"ही माझ्यापेक्षा चांगली आहे," तो म्हणाला.

"तुमच्याहून? छे! ती लहान आहे अजून."

"तुम्हीसुद्धा वयच मोजता की, कात्री!"

तिने ते चेष्टेवारी नेलं.

निवडीच्या दिवशी तिने त्याचं गाणं साफ करायला घेतलं. हाताला सवय होती. एक श्वास गेला, दुसरा गेला... होता होता सगळे गेले. मालकांनी वय विचारायच्या आतच तिने ते लावलं. त्यांनी ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "पोरगा काय दमाचा आहे! श्वाससुद्धा घेत नाही! विशीतला असणार. घेतला!"

ती धावत खाली गेली, गाडीत त्याच्या शेजारी बसली आणि हेडफोन त्याच्या कानांना लावला. तो हसत होता. ऐकता ऐकता हसू मावळलं.

"स्पीकर कुठे गेला?"

"म्हणजे?"

"हा जो कोण म्हणतोय ना... त्याच्या हातात काहीच नाही. आजींना कोणी धरलंच नाहीये."

"अहो, पण निवड झाली! तुमचीच झाली!"

"माझी नाही झाली." त्याने हेडफोन काढून तिच्या मांडीवर ठेवला. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "पोरांनी मामा म्हटलं, त्याचं काही वाटलं नाही. तुम्हालाही मी बेचाळीसचा नकोच होतो, हे आज कळलं."

ती उतरली. गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मालकांसमोर मूळ गाणं लावलं, श्वासांसकट. मालक पहिल्याच ओळीला म्हणाले, "हा कोण म्हातारा?"

"कालचाच. काल तुम्ही टेबलावर थाप मारलीत, तोच."

"वय?"

"बेचाळीस. गाणं कसं आहे ते सांगा ना!"

मालकांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं, हे खरं. संपल्यावर चष्मा पुसला. "चांगलं आहे गं. पण चांगलं विकायचं कसं? असं कर, कालचंच ठेवू. त्याला तोंडावर मुखवटा घालायला सांग. गूढ वाटेल आणि वयही झाकेल."

तिने तिथूनच त्याला फोन लावून मुखवट्याचं सांगितलं. पलीकडे पाऊस वाजत होता.

"नको. मी तोंड झाकलेली माणसं रोज पाहतो," तो म्हणाला. "जागा चिमणीला द्या. आणि तिचे श्वास कापू नका."

मालकांना चिमणीचं नावही आठवेना. पण तिचं गाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. एकदाच म्हणाले, "ही तरी विशीच्या आत आहे ना?" कात्रीने यादीत चिमणीचं नाव लिहून टाकलं. शववाहिनीवाल्याची संधी संपली होती. पुढच्या वर्षी अल्बम निघेल याची खात्री नव्हती, आणि निघाला तरी तो एक वर्षाने आणखी मोठा झालेला असणार होता.

संध्याकाळी ती गाड्यांच्या तळावर गेली. तो पाइपने शववाहिनी धूत होता. तिला पाहूनही त्याने पाणी बंद केलं नाही.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मालकांना आवडावं म्हणून मी कापलं नाही. म्हणजे... तेवढ्यासाठीच नाही."

"मग?"

"आई विचारणार होती ना... मुलगा किती वर्षांचा म्हणून."

पाण्याची धार एकाच ठिकाणी पडत राहिली. गाडीचं चाक केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"मला तुम्ही हवे होता," ती म्हणाली, "पण कोणी नाव ठेवणार नाही असे. घोटीव. मालकांवर तोंडसुख घेत होते, आणि मी काय वेगळी होते?"

त्याने नळ बंद केला. "आणि आता?"

उत्तर न देता तिने फोन काढला आणि आवाज मोठा करून आईला लावला.

"आई, तू मुलाचं विचारत असतेस ना... एक आहे. बेचाळीसचा आहे. शववाहिनी चालवतो."

"काय चालवतो?"

"शववाहिनी. मेलेल्या माणसांना नेतात ती. आणि रॅप म्हणतो."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

"पहिल्याच फेरीत बाद," तो म्हणाला.

ती हसायला गेली आणि रडू फुटलं. तो जवळ आला. हात ओले होते म्हणून त्याने आधी ते शर्टाला पुसले, आणि मग तिचा हात धरला. एवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा वस्तीत कोणीतरी गेलं होतं.

"जावं लागेल."

"चला," म्हणून ती पुढच्या सीटवर चढून बसली.

त्या सीटवर एरवी मृताचे नातेवाईकच बसत. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा कात्रीचे डोळे लाल होते आणि गाल ओले. शेजारच्या गाडीतल्या अनोळखी बाईने काच खाली केली, तिच्याकडे फार मायेने पाहिलं आणि हलकेच विचारलं, "कोण होतं हो तुमचं?"

कात्रीने बाजूला पाहिलं. तो स्टीअरिंगवर बोटांनी ठेका धरून समोर बघत होता, कान लाल झालेले.

"हे," ती त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाली. "हे आहेत माझे."

सिग्नल सुटला. त्या बाईला काय वाटलं असेल, देव जाणे.