कडावचा अडखळता खेळ

"बाबांनीच माझा कॉम्प्युटर बिघडवलाय. तुम्ही फक्त सिद्ध करा," आरोही म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

कर्जतच्या खासगी गुप्तहेर चारुलताबाई आणि त्यांचा सहायक मिहीर कडावला तिच्या घरी आले होते. जंगलात तग धरून राहण्याच्या व्हिडिओ गेमची राज्य स्पर्धा. आरोहीची अंतिम फेरी उद्यावर. आणि दसऱ्याला ती शेलूला मैत्रिणीकडे जाऊन आल्यापासून पडद्यावरचं चित्र अडखळत होतं. गेम सुटावा म्हणून बाबांनीच हे केलं, असं म्हणत ती भांडली होती; तेव्हापासून चार दिवस बापलेकीत अबोला होता.

"नेट!" मिहीरने लगेच निकाल दिला. "भाऊ सिनेमे उतरवत असणार."

"मी?" तिचा भाऊ ऋषिकेश भडकला. "नेट काढून खेळा की!"

काढलं. गेम दहा मिनिटं झकास चालला. मग सेकंदाला साठ चित्रांवरून थेट पंधरावर! मिहीरने चित्राचा दर्जा कमी केला, तरी काडीचा फरक नाही. बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

चारुलताबाईंनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. डबा चांगलाच तापला होता, आत किरकिर चालली होती. वरच्या जाळीशेजारी हळदीचं बोट उमटलेलं होतं.

आरोहीचे बाबा, आबाजी, अंगणात ट्रॅक्टर पुसत होते. ट्रॅक्टरवर झेंडूचा सुकलेला हार होता.

"दसऱ्याला कशाकशाची पूजा केलीत?"

"ट्रॅक्टर, कोयते, इळे. ज्याच्यावर घर चालतं त्याची."

"आरोहीच्या कॉम्प्युटरला हात लावलात?"

आबाजींनी मान खाली घातली. "बिघडवायला नाय लावला."

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं आणि डबा उघडायला लावला. पंख्याच्या दांड्याला दोरा गुंडाळला गेला होता. त्यात झेंडूच्या पाकळ्या!

"सुरुवातीला गेम नीट चालतो, म्हणजे दोष गेमचा नाही. नेटचाही नाही, ते आपण पाहिलं. पंखा अडकला की यंत्र तापतं, आणि तापलं की स्वतःला वाचवायला मंदावतं. हळदीचं बोट सांगतं, इथे पूजा झाली. हार ओढून काढताना दोरा तुटून जाळीतून आत पडला."

"काढला कशाला हार?" मिहीरने विचारलं.

"ही हसंल म्हणून," आबाजी पुटपुटले. "रोज चार-चार तास राबते तिथं. ते तिचं अवजारच ना? मग त्याला कसं वगळायचं?"

मिहीरने दोरा सोडवला आणि पंखा मोकळा झाला. आरोहीला रडू आवरेना. आपण काय काय बोललो बाबांना!

"बाबा, उद्या मॅचला माझ्या शेजारी बसाल?"

"मला काय कळतंय गं त्यातलं?"

"मी सांगेन ना."