तुटलेली लिंक आणि जेपाराची बोट

"जुनी फाईल पुसून टाकली की झालं! लोक घेतील नवी शोधून," शेजारच्या बाकावर कुणीतरी हसत म्हणालं आणि माझं लुम्पिया, तो तळलेला रोल, हातातच राहिलं.

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या त्या टपरीवर मी नुसतं आल्याचं गरम पाणी प्यायला थांबले होते. पण हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. दीड वर्ष असली वाक्यं फोनवर वाचून माझं डोकं फिरत होतं. माणूस मात्र कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही... मास गालिह?" मास आणि म्बाक, म्हणजे दादा आणि ताई, ही आमच्याकडची अनोळखी माणसाला हाक मारायची रीत.

तो वळला. डोळे फारच छान होते. त्याचा मला आणखी राग आला.

"म्हणजे तुम्ही म्बाक वेनिंग! मला रोज शिव्या घालणाऱ्या!"

"रोज नाही. तुम्ही नवी आवृत्ती काढता त्या दिवशी."

आमचं काम फुकटचं. गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी लसीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. तो त्याचं पॅकेज, म्हणजे उतरवून घ्यायची फाईल, बनवणार, मी वेबसाइटवर त्याची लिंक देणार. पण हा बाबा दर वेळी फाईलच्या नावात नवा आकडा घालायचा, जुनी पुसायचा आणि मला सांगायचाच नाही. लिंक तुटायची. मी चिडून लिहायचे, तो हसरा चेहरा पाठवायचा.

मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "वाचा! बू तारविया, बेटावरच्या नर्सबाई. तिथे नेट चालत नाही म्हणून काल चार तास बोटीने जेपाराच्या बंदरावर आल्या. फाईल सापडली नाही. तशाच परत गेल्या. सोमवारी ऐंशी मुलांना लस द्यायचीय आणि जुन्या आवृत्तीत यादीच उघडत नाही!"

त्याचं हसू गेलं. "एक कायमची लिंक करता येते... नेहमी नव्या फाईलवरच जाणारी. दहा मिनिटांचं काम."

"मग दीड वर्ष काय करत होतात?"

तो पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. "लिंक तुटली नसती, तर... तुम्ही मला लिहिलंच नसतं."

माझे कान तापले. खरं सांगते, आत कुठेतरी बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच जास्त चीड आली.

"गाढवा!" मी थेट अरेतुरेवर आले. "सरळ 'कशी आहेस' असं लिहायला हात मोडले होते? तुझ्या मनातलं त्या बाईंनी का भोगायचं? लॅपटॉप उघड. आत्ता!"

दहा नाही, सात मिनिटं लागली. मी चार वेळा दाबून पाहिलं. फाईल उतरत होती. मला रडू यायला लागलं... रागानेच.

"आता तू लिहिणार नाहीस," तो हळूच म्हणाला.

मी पेनड्राइव्ह त्याच्या तळहातावर आपटला. "नवी फाईल यात भर. उद्या सकाळी जेपाराहून सुटणाऱ्या बोटीने जायचं, बू तारवियांच्या हातात द्यायची आणि माफी मागायची."

"मागतो. एकटाच जाऊ?"

"तुझा काय भरवसा? तिथेही काहीतरी पुसून येशील." उरलेलं लुम्पिया मी त्याच्या बशीत ठेवलं. "दोन तिकिटं काढ. आणि बोटीत माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही."

"चार तास?"

"...फक्त जाताना," मी म्हणाले.