मास्तर वाचत होते

तुमचा विश्वास बसो न बसो, यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. वर्ष तेवढं सांगत नाही, तिला तसं वचन दिलंय.

भुताला रात्र लागते म्हणतात. इथे लख्ख ऊन होतं.

बुधवार. दुपारचे अडीच. सरकारी छापखान्याचा दुसरा मजला.

आत्या तिथे शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. हे काम जोडीनं चालतं. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसऱ्यानं छापील कागदावर नजर ठेवायची. वाचायचे मास्तर. निवृत्त शिक्षक, खणखणीत आवाज, दर पानानंतर एक खोकला. सोळा वर्षं दोघं समोरासमोर बसली.

त्या वर्षी सत्ता पालटली. चौकात रणगाडे उभे राहिले.

तीन आठवड्यांनी आठवीचं पुस्तक परत आलं. जगाचा इतिहास. साहेब म्हणाले, "विजय राहू द्या. बंडं तेवढी काढा."

म्हणजे कुठल्या राजानं कुठला देश जिंकला, ते ठेवायचं. गुलाम उठले, शेतकऱ्यांनी किल्ला फोडला, शिपायांनी बंदुका उलट्या फिरवल्या... ते सगळं कापायचं.

साहेब गेल्यावर मास्तर हसले. "पुस्तक निम्मं होईल. पोरं दुवा देतील."

मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी कागद बाजूला सारले.

"ताई, हे मी वाचणार नाही."

बोलले हळूच. पण दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मास्तर आले नाहीत.

शुक्रवारीही नाही.

कुणी विचारलं नाही. हजेरीपटावर त्यांच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. आत्यानंही ब्र काढला नाही. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा, पदरात दोन मुली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

पुढच्या बुधवारी, दुपारी अडीचला, ती एकटीच लाल शाईनं ओळी कापत बसली होती. खाली छपाईची यंत्रं धडधडत होती.

आणि धडधड थांबली...

वीज गेली नव्हती. डोक्यावर पंखा फिरत होता. पण त्याचा आवाज नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा नाही. कशाचाच नाही.

मग समोरून... खोकला.

खुर्ची रिकामी होती.

"शेतकऱ्यांनी किल्ल्याचा दरवाजा फोडला, पूर्णविराम."

आत्यानं कागदाकडे पाहिलं. ही ओळ तिनं आत्ताच कापली होती.

तिला वाटलं, सोळा वर्षांची सवय, कान वाजत असतील. तिनं पुढची ओळ कापली.

आवाजानं ती वाचली.

तिसरी कापली... तीही.

तिनं पेन खाली ठेवलं. आवाज थांबेना. आणि आता तो जे वाचत होता, ते पुस्तकात नव्हतंच.

"त्या गुरुवारी पहाटे एका शिक्षकाला घरातून नेलं, पूर्णविराम. त्याच्यासोबत आणखी अकरा जण होते, पूर्णविराम. जुन्या वीटभट्टीमागे, स्वल्पविराम, धुराड्याच्या पायथ्याशी..."

आत्यानं कान गच्च दाबले. आवाज तेवढाच स्पष्ट. जणू बाहेरून येतच नव्हता.

एकदम यंत्रं धडधडली. दारात साहेब उभे.

"झालं का, बाई? सही हवीय."

तिनं सही केली. 'छापण्यास हरकत नाही.' दुसऱ्याच दिवशी गोदामात बदली मागून घेतली.

सात वर्षांनी ते सरकारही कोसळलं. लोकांनी वीटभट्टीमागे खणलं. धुराड्याच्या पायथ्याशी...

बारा जण.

हे सगळं आत्यानं मला गेल्या वर्षी सांगितलं. मी चिडलो. "सात वर्षं तुला माहीत होतं! कुणाला सांगितलं का नाहीस?"



"सांगितलं रे. त्याच संध्याकाळी गेले होते, मास्तरांच्या बायकोकडे."

"मग?"

"मला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही तिनं. दार लावलं आणि म्हणाली, हळू बोला, शेजारी नवा भाडेकरू आलाय. मला माहीत आहे सगळं. रोज अडीचला वाचून दाखवतात."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तो मास्तरांमुळे नाही.

मी तेव्हा सहा वर्षांचा. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराखालीच होतं. बहीण तिथे कामाला, एवढं सोडलं तर छापखान्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मास्तरांना ते ओळखतही नव्हते.

पण त्या वर्षांत ते रोज दुपारी अडीचच्या सुमारास ताटावरून मध्येच उठायचे. खिडकीशी जाऊन बसायचे. मान खाली. मी हसलो-बोललो तर ओठांवर बोट ठेवायचे.

आई मला ओढून आत न्यायची. "गप. बाबांना बातम्या ऐकू दे."

बाबा आता नाहीत. आईला विचारायला जीभ अजून उचलत नाही.

कारण आमच्या घरात तेव्हा रेडिओच नव्हता...