शिरघाटचा गवंडी

डॉ. उर्मिला खांडबहाले यांनी स्वतःच्याच मूत्रपिंडातून काढलेला खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा दुखण्यापेक्षा त्यांना उत्सुकताच जास्त होती. शास्त्रज्ञांना कशाचं कौतुक वाटेल, याचा नेम नाही.

"कांद्यासारखे पापुद्रे आहेत, मुजावरसर. बघा तरी."

भूवैज्ञानिक शमशुद्दीन मुजावर यांनी डोळा लावला. असे पापुद्रे त्यांनी शिरघाट धरणाच्या भिंतीत पाहिले होते. तिथल्या भेगा उर्मिलाबाईंच्या जिवाणूने बुजवल्या होत्या. जनुकं बदलून घडवलेला हा खनिजकारी जिवाणू वाहत्या पाण्यातलं कॅल्शियम उचलायचा आणि भेगेत चुनखडीचे थर चढवायचा. प्रयोगशाळेत सगळे त्याला लाडाने 'गवंडी' म्हणत.

"हा आपला गवंडीच आहे," मुजावर म्हणाले. "पण भेग बुजली की तो मरतो ना?"

"मरतोच. पाणी वाहायचं थांबलं की कॅल्शियम मिळत नाही, मग तो उपाशी मरतो. त्याच भरवशावर मी निर्धास्त होते."

"मूत्रपिंडात पाणी वाहायचं कधी थांबतं?"

उर्मिलाबाईंचा चेहरा उतरला. "आणि पोटातल्या आम्लातून तो वाचला, कारण अंगावरच्या चुन्याच्या कवचानं आम्ल शमवलं," त्या सावकाश म्हणाल्या. "तिथून रक्तात उतरला असणार. डाव्या मूत्रपिंडाचं काम जवळजवळ थांबलंय, सर. औषध थराच्या आत पोचत नाही."

"मुळात तो तुमच्या पोटात गेलाच कसा?"

गवंडी भिंतीत सोडायची वेळ आली, तेव्हा मुजावर परदेशात होते. धरणाखालच्या शिरघाट गावाने, पिण्याचं पाणी नासेल या भीतीने, काम अडवलं होतं. ग्रामसभेत समजावून समजावून उर्मिलाबाईंचा घसा बसला. शेवटी त्यांनी बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर पेलाभर गवंडी घटाघटा पिऊन दाखवला. विरोध तिथेच मावळला.

"कमाल आहे तुमची!" मुजावर वैतागले. मग जरा सावरून म्हणाले, "जाऊ दे. तुम्ही एकट्याच आहात, तर काहीतरी मार्ग काढू."

उर्मिलाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मी पेला खाली ठेवला, तर सरपंच द्रौपदाबाईंनी पदर सावरून उजवा हात पुढं केला. म्हणाल्या, 'बाई, तुमाला चाललं ते आमाला का न्हाई चालायचं? द्या आमाला बी.' मग सगळा गाव रांगेत उभा राहिला. तळहातावर घ्यायचे, प्यायचे आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचे. तीर्थच ते त्यांच्या लेखी. एवढा विश्वास बघून मला रडू आलं होतं, सर."

"आणि तुम्ही दिलंत?"

"माझ्या हातानं वाटलं. पुरणार नाही असं वाटलं, म्हणून लहान मुलांना आधी दिलं."