लाल झेंड्यापासून लांब

मी उज्जैनच्या घाटाजवळ क्षिप्रेच्या पाण्याचे नमुने घ्यायला नावेत बसले होते. समोर एक झेंडा तरंगत होता – लाल, त्यावर तिरपा पांढरा पट्टा.

"किसी की मन्नत का होगा," नावाडी दिलीपभैया म्हणाले आणि दर्शनासाठी त्यांनी मोटरबोट थेट झेंड्याजवळ नेली. मीही हात जोडले. तेवढ्यात शेजारी पाण्यातून एक डोकं वर आलं.

"इंजन बंद करो, भैया." मग माझे हात पाहून तो हसला. "मॅडम, मेरी पूजा चल रही है?"

"अगं बाई..." माझ्या तोंडून निघालं.

"मराठी का? मग नीट सांगतो. हा झेंडा दिसला की खाली माणूस असतो. लांबून जायचं."

तो आल्हाद. घाटावरच्या बचाव पथकातला पाणबुड्या, राहायला फ्रीगंजला.

मग मी मुद्दाम त्याच घाटाचे नमुने घेऊ लागले. तो खाली गेला की बुडबुडे बघत बसायचे.

"बुडबुडे फुटतात तिथे तू नसतोसच," मी एकदा म्हटलं. "प्रवाह त्यांना पुढे नेतो."

"म्हणजे मला भलतीकडे शोधतेस?"

"नाही... थोडं मागे बघते."

टावर चौकात तो माझ्या पोह्यांवरची शेव वेचून खायचा. मी खाऊ द्यायचे.

कार्तिकात एक तरुण बुडाला. आल्हाद त्याला शोधायला उतरला. तेवढ्यात सहलीची एक मोटरबोट झेंड्याकडे वळली. मी काठावरून ओढणी हलवली, ओरडले – ती बुडबुड्यांच्या थोडं मागून, त्याच्यावरूनच गेली. बुडबुडे थांबले.

आल्हाद पलीकडे वर आला. एका पायातला फ्लिपर, पोहायचा रबरी पंख, अर्धा कापला गेला होता. काठावर येऊन तो पथकातल्या जोडीदाराचा फ्लिपर पायात चढवू लागला.

"हे सोड," मी म्हटलं. "आजच घरी सांगते, लग्न करू... पण हे सोड."

त्याने पायऱ्यांकडे पाहिलं. बुडालेल्या मुलाची आई तिथे बसली होती.

"त्या सकाळपासून बसल्यात, मृण्मयी."

"माहीत आहे मला."

"मग माझ्यासाठी थांबशील?"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर... पण तू खाली असताना वर बसणं... आयुष्यभर नाही जमायचं मला."

त्याने माझ्या गालावर ओला हात ठेवला, मास्क ओढला आणि पाण्यात गेला.

बऱ्याच वेळाने तो त्या मुलाला घेऊन वर आला. आई धावली. त्याने तिचं लेकरू तिच्यासमोर अलगद ठेवलं, मग उठून गर्दीत मला शोधू लागला.

मी दिलीपभैयांच्या मागे उभी होते. पुढे गेले नाही.